नॅट १/७२, सप्टेंबर १९६५ : राउंडेल, अंक आणि बारीक तपशील

सँडपेपर_६००

नमस्कार मंडळी,

खूप दिवस मनात असलेलं काम आता टेबलावर घेतलंय. स्पेशल हॉबी कंपनीचं सिंगल सीटर नॅट, म्हणजे ते छोटं लढाऊ जेट विमान, १/७२ मापाचं किट. मला ते सप्टेंबर १९६५ मधलं, पठाणकोटला असलेल्या २३ नंबर स्क्वाड्रनचं करायचंय. ३ सप्टेंबरला छांबच्या बाजूला पाकिस्तानच्या सेबर विमानांशी चकमक झाली आणि त्यानंतर वैमानिक ट्रेव्हर कीलर यांना वीरचक्र मिळालं, त्या दिवसांतलं. नुसतं "भारतीय नॅट" नकोय, ते शेल्फवर ठेवलं आणि जाणकार माणसाने जवळ येऊन बघितलं तर त्याला तो काळ दिसला पाहिजे.

अडलेल्या गोष्टी अशा: एक तर चंदेरी रंग. फोटो सगळे कृष्णधवल, त्यात ते उघडं ॲल्युमिनियम आहे की चंदेरी रंग मारलाय ते कळत नाही. दुसरं म्हणजे डिकॅल, म्हणजे शीटवरून काढून विमानावर चिकटवायची छापील चिन्हं. परदेशातून मागवलेल्या शीटवरचं केशरी जवळजवळ लालच आहे, तिरंगा वाटतच नाही. आणि तिसरं, अंक (विमानाचा क्रमांक) कोणता घालायचा आणि तो किती मोठा. तुम्ही लोक कसं ठरवता?

---

ओझरकर

छान विषय घेतलास दादा. किट सिंगल सीटर घेतलंस हे उत्तम केलंस, कारण आपल्याकडे बरेच जण एअरफिक्सचं नॅट स्वस्तात मिळतं म्हणून घेतात आणि त्यावर भारतीय राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह) चिकटवतात. ते नॅट टी १ आहे, रेड ॲरोजवालं, दोन सीटचं ट्रेनर. मागची सीट काढली आणि काच बदलली की झालं असं होत नाही, त्याचे पंखच वेगळे आहेत. आकडे बघ: लढाऊ नॅटचा पंखविस्तार ६.७३ मीटर, म्हणजे १/७२ ला साधारण ९३.५ मिलिमीटर. टी १ चा ७.३२ मीटर, म्हणजे जवळजवळ १०२. लांबीत तर एक ८.७४ आणि दुसरं ९.६८ मीटर, मॉडेलवर १३ मिलिमीटरचा फरक. एवढ्याशा विमानात तो लपत नाही.

अंकाबद्दल माझं म्हणणं असं की आधी एक विमान आणि एक तारीख ठरव, मग बाकी सगळं. "नॅट, १९६५" हे पुरेसं नाही. आमचे वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, त्यामुळे मी जास्त करून मिग २१ करतो आणि तिथे हा धडा फार लवकर मिळतो. मिग २१ एफएल चकचकीत उघड्या धातूची होती, १९७१ ला युद्ध तोंडावर आलं तेव्हा स्क्वाड्रननी आपापल्या तळावर, मिळेल त्या रंगाने ती रंगवून काढली. दोन विमानं एकसारखी मिळणार नाहीत. एका विमानाचा डावीकडचा फोटो आणि दुसऱ्याचा उजवीकडचा असं जोडून मॉडेल केलं तर असं विमान तयार होतं जे कधी उडालंच नाही.

---

लीड्सकर

चंदेरीबद्दल लिहितो. फोटो मोठा करून बघ, पॅनलागणिक छटा बदलते का. उघड्या धातूवर शेजारशेजारचे दोन पत्रे एकाच उन्हात वेगळे दिसतात, एक उजळ तर एक काळपट, आणि रिव्हेटच्या ओळीजवळ हलका पट्टा दिसतो. ॲल्युमिनियम रंग मारलेला असेल तर सगळीकडे एकच मऊ करडी चकाकी असते आणि रंग उडालेल्या जागा कडेला दिसतात. ब्रिटिश पद्धतीत ५०-६० च्या दशकात चंदेरी रंग मारायची पद्धत खूप होती, त्यामुळे "चंदेरी दिसतंय म्हणजे उघडा धातू" असं धरून चालू नकोस. एकाच स्क्वाड्रनमध्ये दोन्ही प्रकार असू शकतात, तुझ्या निवडलेल्या विमानाचा फोटो काय सांगतो ते महत्त्वाचं.

रंगवताना हा फरक खालच्या प्रायमरमधून येतो. उघडा धातू हवा असेल तर खाली चकचकीत काळा, त्यावर मेटॅलिक पातळ थरांमध्ये. चंदेरी रंग हवा असेल तर खाली साधा करडा प्रायमर आणि वर बारीक कणांचा ॲल्युमिनियम, आणि आरशासारखी चमक येऊ द्यायची नाही. शेपटीकडचा, जेट पाइपजवळचा भाग मात्र दोन्हीत वेगळा करायचा, तिथला धातू उष्णतेने तांबूस निळसर होतो.

आणि हात जोडून विनंती, पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या सांध्यांत) काळा वॉश, म्हणजे पातळ केलेला रंग, भरू नकोस. चंदेरी विमानावर काळ्या रेघा भरल्या की विमान कापून जोडल्यासारखं दिसतं. मधला करडा, आणि तोही फक्त हलणाऱ्या भागांच्या कडेला: एलेरॉन, फ्लॅप, रडर.

---

निवृत्त_एअरमन

मी अजितवर काम केलं आहे, नॅटचं ते पुढचं रूप. चार गोष्टी सांगतो ज्या मॉडेलवर हमखास चुकलेल्या दिसतात.

पहिली, पायलन, म्हणजे पंखाखाली टाक्या किंवा शस्त्रं टांगायचे आधार. अजितच्या पंखात इंधन भरायची सोय झाली, त्यामुळे बाहेरच्या टाक्यांची गरज कमी झाली आणि पंखाखाली चार पायलन शस्त्रांसाठी मोकळे झाले. १९६५ च्या नॅटला ते चार पायलन लावू नका. किटमध्ये सुटे भाग दोन्हींचे असले तर आधीच वेगळे काढून ठेवा.

दुसरी, सीट. नॅटमध्ये मार्टिन बेकर कंपनीची इजेक्शन सीट नव्हती, फोलंडची स्वतःची हलकी सीट होती. बाजारात मिळणारी रेझिनची सुंदर मार्टिन बेकर सीट उचलून बसवतात लोक, दिसते छान पण या विमानात ती चुकीची. एवढ्याशा कॉकपिटमध्ये वरून बघितलं की पहिली नजर सीटवरच जाते.

तिसरी, चाकं. नॅटला वेगळे एअरब्रेक नव्हते. वेग कमी करायचा तर चाकंच अर्धवट खाली सोडायची, चाकांची दारं हवेत येऊन ब्रेकचं काम करत. त्यामुळे ती दारं आणि पायांवरची आवरणं नाजूक फळकुटं नाहीत, जाड आणि भक्कम आहेत. मॉडेलर मंडळी सगळं घासून पातळ करायच्या मागे असतात, इथे कडा पातळ करा पण दाराचा उठाव ठेवा. आणि विमान जमिनीला किती जवळ बसतं ते बघा. आम्ही जमिनीवर उभं राहून कॉकपिटमध्ये हात घालायचो, शिडी लागत नसे. चाकांचे पाय किंचित लांब राहिले तरी नॅटचा नॅटपणा जातो.

चौथी, तोफा. दोन ३० मिलिमीटर एडन, हवेच्या इनटेकच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्यांची तोंडं खोल करा, ठिपका काढून भागत नाही. बारीक ड्रिलने आत जा.

---

सँडपेपर_६००

काका, दंडवत. सीटचं माहीतच नव्हतं, मी मार्टिन बेकरची ऑर्डर टाकणार होतो. चाकाच्या पायांचं माप मी ड्रॉइंगवर तपासतो.

डिकॅलचं कोणी सांगा ना.

---

डिकॅलवेडी

सांगते सविस्तर, माझा जीव यातच अडकलेला असतो.

आधी मूळ गोष्ट. राउंडेल बाहेर केशरी, मध्ये पांढरं, केंद्रात हिरवं. हे सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण उलटं लावलेली मॉडेल्स मी प्रदर्शनात बघितली आहेत. शेपटीवरचा फिन फ्लॅश: केशरी पट्टा पुढे, म्हणजे नाकाच्या दिशेला, दोन्ही बाजूंना. त्यामुळे डाव्या आणि उजव्या बाजूचे फ्लॅश एकमेकांचे आरशातले असतात. घाईत दोन्ही एकाच दिशेचे लावले की एका बाजूला हिरवा पुढे येतो. आणि कृष्णधवल फोटोवरून हे तपासायला गेलात तर फसाल, कारण त्या फिल्मवर केशरी आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या रंगाचे येतात. फोटोवरून आकार, जागा आणि पट्ट्यांची रुंदी घ्यायची, रंगांचा क्रम आपल्याला माहीत असलेला.

कोणी १९४७-४८ च्या काश्मीरमधली टेंपेस्ट किंवा स्पिटफायर करत असेल तर हे तिरंगी राउंडेल डोळे झाकून लावू नका, ते १९५० पासूनचं. स्वातंत्र्यानंतर मधल्या काळात निळ्या अशोकचक्राचं राउंडेल होतं.

आता केशरी लाल का दिसतं. छापताना रंग चुकीचा घेतलेला असतो हे एक कारण. दुसरं कारण तुमच्या चंदेरी विमानाला जास्त लागू पडतं: डिकॅलची शाई पातळ असते, खालचा रंग आरपार येतो. चंदेरीवर केशरी लावलं की ते तांब्याच्या भांड्यासारखं दिसायला लागतं, आणि हिरव्या कॅमोफ्लाजवर लावलं तर विटकरी. उपाय एकच, खाली पांढरं हवं. आपल्या घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, म्हणून पारदर्शक डिकॅल पेपरवर राउंडेल छापून उपयोग नाही.

मी काय करते ते सांगते. विमान रंगवून, चकचकीत क्लिअर मारून पूर्ण वाळलं की राउंडेलच्या मापाचं गोल भोक मास्किंग टेपमध्ये सर्कल कटरने कापायचं, टेप बसवायची, आतमध्ये पांढरा पातळ थर. मग त्याच्या आत छोट्या गोलांचे मास्क ठेवून बाहेरचं केशरी कडं आणि मग मधला हिरवा ठिपका. तीन रंग, तीन मास्क, एकाच केंद्राभोवती. केंद्र जुळवायला सुईने अगदी हलकी खूण करून ठेवायची, शेवटी ती हिरव्याखाली जाते. कडा रंगाने जाड उठू नयेत म्हणून प्रत्येक थर कोरडाच मारायचा, ओला लोट नको. डिकॅलपेक्षा वेळ लागतो पण केशरी आपल्याला हवं तसं मिसळता येतं. माझं मिश्रण पिवळसर नारिंगीकडे झुकतं, आणि १/७२ ला ते किंचित फिकटच ठेवते, लहान आकारावर भडक रंग डोळ्यात घुसतो.

हे जमणार नसेल तर पांढऱ्या डिकॅल पेपरवर छापा, बरोबर कडेवर कापा आणि कापलेली पांढरी कड केशरी रंगाच्या ब्रशने टिपून घ्या. मग डिकॅल मऊ करून नीट बसवायला मायक्रो सोल.

---

नवशिका_चिन्मय

मी नवीन आहे, कॉलेजला आहे, एक प्रश्न विचारतो रागावू नका. राउंडेल अर्धा मिलिमीटर मोठं झालं किंवा केशरी थोडं गडद झालं तर खरंच काय फरक पडतो, लांबून तर सगळे विमान म्हणूनच बघतात. इतकं सगळं वाचून मला किट उघडायचीच भीती वाटायला लागली आहे.

---

ओझरकर

अरे चिन्मय, भीती नको बाळगूस, बिनधास्त किट उघड. पहिली चार-पाच मॉडेल्स बॉक्समधली शीट लावूनच कर, हात बसू दे. पण अर्धा मिलिमीटरचं उत्तर देतो. १/७२ ला अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन आडवी बोटं धर ना. एका राउंडेलचं ठीक आहे, पण अंक, फ्लॅश, राउंडेल सगळे एकमेकांच्या शेजारी असतात. फोटोत अंकाचं शेवटचं टोक आणि राउंडेलची कड यात बारीकशी फट आहे आणि तुझ्या मॉडेलवर ते एकमेकांना टेकले, तर ज्याने तो फोटो बघितलाय त्याला ते लगेच जाणवतं, काय चुकलंय ते सांगता नाही आलं तरी.

माप काढायचं सोपं आहे. बरोबर बाजूने घेतलेला फोटो घे, तिरका नको. त्यात फिन फ्लॅशची उंची शेपटीच्या उंचीच्या किती पट आहे ते मोज, समजा एक चतुर्थांश. मग तुझ्या किटची शेपटी मोज आणि तिचा एक चतुर्थांश घे. खऱ्या विमानाचं माप माहीत असायची गरजच नाही. अंकाचंही तसंच, अंकाची उंची भागिले त्याच जागी धडाची उंची. ज्याची तुलना करतोस ते दोन्ही एकमेकांच्या जवळ असू दे, म्हणजे फोटोतला तिरकेपणा फार त्रास देत नाही.

---

लीड्सकर

अंकांबद्दल भर घालतो. आपल्या हवाई दलात अंकाआधीच्या अक्षरांवरून विमानाचा प्रकार कळतो. नॅटला आयई, हंटरला बीए, मिस्टेअरला आयए, कॅनबेराला आयएफ, मरुतला बीडी. एखाद्या शीटवर नॅटसाठी दुसरंच अक्षर दिसलं तर आधी फोटोवरून तपासून घ्या.

आता कोणतं विमान. माझी सूचना आयई १०८३. सप्टेंबर १९६५ च्या पहिल्या आठवड्यात हेच विमान पसरूरला उतरलं आणि पाकिस्तानच्या हातात पडलं, वैमानिक युद्धकैदी झाले, पुढे सुटून परत आले. आज ते कराचीच्या पाकिस्तान एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. हातात पडलेलं असल्यामुळे त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो उपलब्ध आहेत, आणि स्क्वाड्रनही तुला हवं तेच.

---

नगरी_रणगाडा

मला हे पटत नाही. शत्रूच्या हाती गेलेलं विमान म्हणून कशाला करायचं, त्या स्क्वाड्रनची दुसरी विमानं होती की.

आणि दुसरं, म्युझियमचं विमान हा पुरावा धरायचा की नाही हे आधी ठरवा. आमच्या नगरला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, १९९४ पासून, मी रणगाडेच करतो १/३५ मध्ये, सेंच्युरियन हा माझा जिव्हाळ्याचा विषय. अरुण खेत्रपाल यांचा फमागुस्ता, १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. तो रणगाडा आमच्या नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. आमच्यासाठी ते तीर्थ आहे. पण मॉडेल करताना मी लोकांना सांगतो की जपलेल्या रणगाड्याचा रंग बघून रंगवू नका. असे रणगाडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा रंगवले जातात, चकचकीत हिरवा, अक्षरं नव्याने काढलेली, समारंभासाठी. रणांगणावर तो धुळीने आणि चिखलाने माखलेला होता. अक्षरांची जागा, आकार, वळण हे त्या काळच्या फोटोवरूनच.

---

दाबोळीकरीण

नगरी दादांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. मी गोव्यात राहते, दाबोळीचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम घराजवळ आहे आणि माझं सध्याचं काम नौदलाचं लढाऊ विमान सी हॉक. विक्रांतवरून ४ डिसेंबर १९७१ ला कॉक्स बझारवर गेली ती. म्युझियममधली सी हॉक बाहेर, समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी आहे, तिथे रंग टिकत नाही आणि पुन्हा पुन्हा मारावाच लागतो. त्यामुळे रंगासाठी मी तिच्याकडे बघतच नाही. तो मी ब्रिटिश पद्धतीचा घेते, वर एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खाली स्काय.

पण आकारासाठी म्युझियमसारखा गुरू नाही! पंखाच्या घडीचे बिजागर, चाकाच्या खोबणीतल्या नळ्या, कुठला पत्रा कुठल्यावर चढलाय, कुठे रिव्हेट उठलेत आणि कुठे सपाट आहेत, हे कुठल्याच जुन्या फोटोत दिसत नाही. मी चाकाच्या खोबणीत मोबाइल घालून फोटो काढते, आणि शेजारी एक पट्टी धरते म्हणजे माप मिळतं. तिथल्या माणसांना विचारून, हात न लावता.

थोडं पावसाळ्याचंही सांगते कारण आमच्याकडे चार महिने हाच त्रास. मॅट वार्निश दमट हवेत मारलं की पांढरट धुकं येतं, विशेषतः गडद रंगावर, आणि सगळं काम मातीत जातं. पाऊस पडत असताना मी डिकॅलपर्यंतचं काम करते आणि शेवटचा मॅट थर कोरड्या दुपारसाठी ठेवते. डिकॅलखाली हवा राहून चंदेरी चमक येते तीही खालचा थर पुरेसा गुळगुळीत नसल्यामुळे, म्हणून आधी ग्लॉस, भरपूर वाळू देऊन.

---

निवृत्त_एअरमन

आयई १०८३ बद्दल माझं मत मांडतो. शत्रूकडे गेलं म्हणून ते विमान आपलं राहत नाही असं मला वाटत नाही. ते उतरण्याआधी पठाणकोटच्या धावपट्टीवर उभं होतं, कोणीतरी एअरमनने त्याच्या टाक्या भरल्या होत्या, तोफांचे पट्टे चढवले होते, काच पुसली होती. त्या सकाळचं विमान करा. जमिनीवरचं, आपल्या लोकांच्या हातातलं.

पण कराचीतल्या आजच्या फोटोवरून नको, तेही इतक्या वर्षांत रंगवलं गेलं असणारच. १९६५ चेच फोटो घ्या, आजच्याकडून फक्त आकार.

त्या सकाळचं करणार असाल तर विमान स्वच्छ ठेवा. युद्ध म्हणजे विमान घाणेरडं असतं हा गैरसमज आहे. आम्ही रोज पुसायचो. तेलाचा थेंब दिसला तर तो कुठून आला ते शोधल्याशिवाय सोडत नसू. पोटाखाली थोडे ओघळ, चाकाच्या ब्रेकजवळ काळी धूळ, तोफांच्या तोंडाशी धुराचा डाग असलाच तर हलका. बास. रंग उडालेला दाखवायचा तर जिथे हात आणि बूट लागतात तिथेच, कॉकपिटच्या कडेला आणि पंखाच्या मुळाशी.

---

नगरी_रणगाडा

काका, असं असेल तर माझा विरोध मागे. त्या सकाळचं विमान ही कल्पना मलाही आवडली.

---

सँडपेपर_६००

काका, ठरलं मग. आयई १०८३, पठाणकोट, उड्डाणाआधी. इनटेकवर आणि पिटॉट नळीवर (वेग मोजायची नळी) लाल आवरणं ठेवावीत का असा विचार आहे, जमिनीवर उभं म्हणून.

राउंडेल मास्क करूनच रंगवणार, डिकॅलवेडी ताईंनी सांगितलं तसं. काल दोन जुन्या पंखांवर करून बघितलं, चंदेरीवर थेट केशरी आणि पांढऱ्यावर केशरी असं शेजारी ठेवून. फरक इतका आहे की आता शीटवालं लावायची इच्छाच होत नाही. अंक मात्र डिकॅलचेच घेईन, काळा रंग आहे त्यामुळे खालून काही येणार नाही. स्टेन्सिलने काढलेले असतील तर अक्षरात बारीक फटी असतील, ते फोटोत मोठं करून बघतोय.

---

निवृत्त_एअरमन

लाल आवरणं उड्डाणाच्या आधी अगदी शेवटी निघतात. वैमानिक कॉकपिटमध्ये बसलेला दाखवणार असाल तर आवरणं नकोत, काच बंद आणि कोणी नाही असं असेल तर ठेवा. दोन्ही एकत्र नको. आणि चाकांपुढे लाकडी ठोकळे विसरू नका, दोन्ही बाजूंनी, दोरीने जोडलेले.

---

नवशिका_चिन्मय

वाखू (वाचनखूण) साठवली. दादा, रंगवतानाचे फोटो टाका ना, विशेषतः तीन मास्कवाले. मीही एक चंदेरी व्हॅम्पायर उघडतोय या रविवारी, शीट बॉक्समधलीच लावणार आहे पण पांढरं मात्र खाली मारून बघतो.